खडूने लिहिलेले नाव

मंगळवार, दिनांक १० ऑक्टोबर १९७८. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील त्या कारखान्याच्या टर्निंग विभागात अठ्ठावीस लेथ, म्हणजे लोखंड कातायची यंत्रे, धुऊनपुसून उभ्या होत्या. माळा अठ्ठावीस होत्या, सगळ्या झेंडूच्या. खडूने लिहिलेली नावे मात्र सतराच होती.

त्या विभागाचा एक रिवाज होता. खंडेनवमीला, हळदकुंकू वाहण्याआधी, प्रत्येक कारागिराने आपल्या यंत्राच्या डोक्यावर खडूने नाव लिहायचे. देवाचे नव्हे, मालकाचेही नव्हे. ज्याने आपला हात धरून लेथ चालवायला शिकवली, त्या उस्तादाचे. हा रिवाज कोणी घातला हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण जुना निजामी कारागीर असो की कालपरवा आय.टी.आय. मधून निघालेला, तो मोडल्याचे आजवर ऐकिवात नव्हते. मागल्या नवमीला अठ्ठाविसांपैकी अकरा यंत्रांवर एकच नाव होते: कडुबा मिस्त्री. यंदा त्या अकरांची डोकी कोरी होती.

नऊ नंबरच्या लेथपाशी सोनाजी खडू हातात धरून उभा होता. अकरांतला तो सर्वांत जुना. तो काय लिहितो, इकडे उरलेल्या दहांचे लक्ष होते. आणि ते लक्ष आहे हे सोनाजीला पाठीत टोचल्यासारखे जाणवत होते.

जुलैअखेरीस विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वणवा लागला. गावोगाव दलितांच्या वस्त्या जळाल्या. ऑगस्टभर एस.टी. कधी सुटे, कधी सुटत नसे. कडुबा मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे परभणीकडचे घर जळाले. ती तीन लेकरांसह त्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. त्या सबंध महिन्यात कडुबाचे हजेरीकार्ड एकदाही उशिराचे उमटले नाही. तो चार्जमन होता, म्हणजे या अठ्ठावीस लेथांचा कारभारी. सकाळी यायचा, रांगेतून फिरायचा, जॉब, म्हणजे यंत्रावर कातलेला भाग, तपासायचा. बोलणे आधीच कमी होते, ते आणखी कमी झाले. त्याच्याशी बोलणारेही कमी झाले, हे त्याने पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

मग सप्टेंबरात अर्ज निघाला.

अर्ज लिहिला होता शेजारच्या मिलिंग विभागाचे चार्जमन तात्यासाहेब यांनी. कन्नड तालुक्यात साठ एकरांचे वावर, शहरात पक्के घर, आणि साहेबांच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसण्याची मुभा. अर्जाची भाषा फार सभ्य होती. 'विभागातील कामगारांच्या भावना लक्षात घेऊन', 'सलोखा राहावा या हेतूने', श्री. कडुबा यांना भांडारात बदलावे आणि त्यांच्या जागी अनुभवी कामगार श्री. सोनाजी यांची नेमणूक व्हावी. त्यात जातीचा एकही शब्द नव्हता, तरी वाचणाऱ्याला दुसरे काही दिसत नव्हते. साहेबांनी तोंडी सांगितले होते की, निम्म्याहून जास्त सह्या असतील तर विचार करू. निम्म्याहून जास्त म्हणजे पंधरा. आदल्या दिवसापर्यंत तेरा झाल्या होत्या. चौदावी सोनाजीची धरलेली होती, आणि सिल्लोडकडचा बन्सी म्हणाला होता, "सोनाजीदादा करतील तर म्या बी करतो." म्हणजे एका सहीत दोन मिळणार होत्या.

सोनाजीने नाही म्हटले नव्हते, हेही खरे. त्याला ती खुर्ची हवी होती. गेली दोन वर्षे त्याने दुसऱ्या कशाचा विचारच केला नव्हता.

*

आदल्या सांजेला, दिवेलागणीच्या वेळी, गारखेड्याच्या भाड्याच्या खोलीत तो भिंतीला टेकून बसला होता. देव्हाऱ्यात घट बसलेले होते. त्याची बायको म्हाळसाबाई वात सारखी करत होती.

"बारा वर्षं झाली कारखान्यात," सोनाजी म्हणाला. "अजून लेथवरच उभा हाय. माझ्या मागून आलेले सुपरवायझर झाले. खोलीला खिडकी नाय. नळ दोन घरांत एक. आन माझ्यावर बसवला कोण, तर उस्ताद. तो रिटायर होईस्तोवर माझं काय?"

"झालं? का आणखी हाये?" म्हाळसाबाईने मागे न बघता विचारले.

"तुला थट्टा सुचते."

"मग काय करू? रोज तीच आरती. पाठ झाली मला." तिने काडी विझवली आणि वळून बसली. "अवं, तुमचे वडील सांजच्याला मेंढरं वाघुरीत घ्यायचे, तवा काय करायचे?"

वाघूर म्हणजे मेंढ्यांभोवती उभे करायचे जाळे. सोनाजीचे वडील मुंजाबा आयुष्यभर कळप घेऊन फिरले. मेंढ्या मोजायच्या नाहीत, असा त्यांचा नेम होता. जाळ्याच्या तोंडाशी उभे राहून ते आत शिरणारीला तोंडावरून ओळखत आणि नाव घेत: बांडी आली, कानफाटी आली, मोरी आली. सगळ्या आलेल्यांची नावे घेऊन झाली, म्हणजे कोणती आली नाही ते आपोआप कळे. मग कंदील घेऊन शोधायला निघत. आधी हरवलेलीच्या मागे धावणाऱ्या मेंढक्याचा उरलेला कळप लांडगा नेतो, असे ते रागावून सांगत.

"तुम्ही दोन वर्षं एकच हरवलेली धुंडताय," म्हाळसाबाई म्हणाली. "आलेल्यांची नावं तर घ्या एकदा. मी पण ऐकते."

"हे काय पोरखेळ?"

"घ्या म्हंते ना."

तिला गप्प करावे म्हणून सोनाजीने सुरुवात केली. कुचेष्टेनेच केली. "ही खोली आली. कुणामुळं? तुझ्या मावशीनं शब्द टाकला म्हणून. नळ आला. पोरगी शाळेत जाते, ती आली. तू आली."

"मी शेवटी व्हय?"

"बरं, तू पैली. सकाळची भाकर आली. सायकल आली. हातातलं कसब आलं..." येथे तो अडला.

"कुणामुळं?"

म्हाळसाबाईने दोनदा विचारले, मग नाद सोडून ती भाकरी थापायला बसली. परातीवर तिच्या हाताचा थाप थाप आवाज होत राहिला आणि सोनाजीच्या डोळ्यांपुढे पंचवीस मिलिमीटर जाडीचे चाळीस दांडे उभे राहिले. खरे तर ते पंचवीसचे नव्हतेच. ते साडेचोवीसचे होते.

ही गोष्ट त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

सन एकोणीसशे सदुसष्ट. सोनाजी तेव्हा हेल्पर होता. लोखंडाचा कीस झाडायचा, कापताना धार थंड ठेवणारे कुलंट भरायचा. कळप दुष्काळात संपला म्हणून शहरात आलेला, सातवी शिकलेला. कडुबा सेटर होता, म्हणजे कारागिरांना यंत्र मापाला लावून देणारा. जेवणाच्या सुट्टीत तो डबा लवकर आटपायचा आणि सोनाजीला नऊ नंबरवर उभा करायचा. टूल कसे घासायचे, धार कोणत्या कोनात ठेवायची, चकमध्ये जॉब बांधताना कान कुठे लावायचा, हे सगळे त्याने दोन वर्षे, रोज वीस मिनिटे शिकवले. शिकवताना शिव्याही तितक्याच दिल्या. अखेर एकोणसत्तरला सोनाजीला चाचणीसाठी लेथ मिळाली. तीन आठवड्यांत पक्का व्हायचा होता.

मायक्रोमीटरचे ड्रम एक फेरा फिरले की माप अर्ध्या मिलिमीटरने बदलते, पूर्ण मिलिमीटरने नव्हे. दांडीवर वरच्या बाजूला पूर्ण मिलिमीटरच्या रेघा असतात, खालच्या बाजूला अर्ध्याच्या. नवशिका हमखास खालची रेघ वरची समजतो. सोनाजीने नेमके तेच केले. चाळीसच्या चाळीस दांडे अर्ध्या मिलिमीटरने बारीक उतरले. जाड राहिलेला जॉब पुन्हा कापता येतो. बारीक झालेला भंगारात जातो.

चौकशी झाली. सोनाजी दाराबाहेर उभा होता. आत कडुबाचा आवाज ऐकू आला, नेहमीइतकाच सपाट: "सेटिंग माझं होतं. पोराचा दोष नाय."

सोनाजी पक्का झाला. कडुबाला लेखी ताकीद मिळाली आणि त्याची बढती चार वर्षे लांबली. सेटर असलेला माणूस त्र्याहत्तरला चार्जमन व्हायचा, तो सत्त्याहत्तरला झाला. सोनाजीने त्या सांजेला, भिंतीला टेकल्या टेकल्या, पुढचा विचार केला. असा विचार करायला त्याला उस्तादानेच शिकवले होते, की दोष दिसला म्हणजे यंत्रात पाठीमागे पाठीमागे जात राहायचे. कडुबा त्र्याहत्तरला चार्जमन झाला असता, तर एव्हाना तो वर फोरमन असता. आणि ही खुर्ची, जिच्यासाठी आपण दोन वर्षे कुढतो आहोत, ती एव्हाना आपलीच असती. वाटेत उभा होता तो उस्ताद नव्हे. आपलाच अर्धा मिलिमीटर होता.

"जेवायला या," म्हाळसाबाई म्हणाली.

तो जेवला. भाकरी गरम होती. पुष्कळ दिवसांनी ती गरम असल्याचे त्याच्या लक्षात आले.

*

तर सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. तात्यासाहेब रांगेतून येत होते. धुतलेला सदरा, कपाळाला कुंकू, हातात घडी केलेला अर्ज. त्यांच्या मागे बन्सी.

"काय सोनाजी, अजून कोरंच?" तात्यासाहेब हसून म्हणाले. "जय मल्हार लिही आन मोकळा हो. साहेब दहाला नारळ फोडायला येतेत. त्याच्या आत ही एक सही."

"रिवाज उस्तादाचं नाव लिहायचा हाये, तात्यासाहेब."

"रिवाज माणसासाठी असतो. यंदाचं साल येगळं हाये, तुला सांगायला पायजे का?" त्यांनी आवाज उतरवला. "साहेबांशी माझं बोलणं झालंय. खुर्ची तुझी. तुझा बाप आमच्या वावरात मेंढरं बसवायचा, म्हणून तुझ्यासाठी जीव तुटतो. आमच्या वडिलांनी पायली पायली जवारी घातली तुमच्या घरात. उपकार ध्यानात ठेवावं माणसानं."

सोनाजीने खडू दुसऱ्या हातात घेतला. आजूबाजूची पुसापुशी थांबली होती. पलीकडच्या टोकाला कडुबा मिस्त्री गुडघ्यावर बसून एका लेथमध्ये तेल ओतत होता. पूजा तो करत नसे. बौद्ध झाल्यापासून त्याने ते सोडले होते. पण नवमीला अठ्ठावीसही यंत्रांचे तेल तो स्वतः बदलायचा. पूजा तुमची, तेल माझं, असे म्हणायचा, आणि त्यावर कधी वाद झाला नव्हता.

"तात्यासाहेब," सोनाजी म्हणाला, आणि आवाज मुद्दामच वाढवला, "जवारीची याद हाये मला. चांगली होती. पण माझ्या बापानं चारशे मेंढरं रातभर तुमच्या वावरात बसवली, ती काय फुकट झोपली? तीस साल तुमचं वावर आमच्या लेंड्यांवर पिकलं. साठ एकर. तुमच्या वडिलांनी एकदा तरी माझ्या बापाला ओट्यावर बसवलं का? उपकार मोजायचेच असतील तर दोन्हीकडून मोजू. या, बसा."

कोणीतरी खुदकन हसले. तात्यासाहेबांचे कुंकू कपाळावर आक्रसले.

"लई बोलायला लागला रे."

"नाय, थोडंच बोलतो. सही मी करत नाय."

"खुर्ची नको?"

"पायजे. म्हणून तर करत नाय. ती मला तुमच्या हातून नको. उद्या तुम्हाला माझी जात टोचली की माझाबी अर्ज निघंल. कागद तोच राहील, नाव तेवढं बदललं की झालं."

बन्सी मागे सरकला. तात्यासाहेबांनी चाल बदलली. "कडुबानं असं काय केलंय तुझ्यासाठी? पगार घेतो, काम दाखवतो. त्यात काय मोठं?"

हा प्रश्न आला नसता तर सोनाजी कदाचित तेवढ्यावरच थांबला असता. पण आला. त्याने इकडेतिकडे पाहिले. सत्तावीस माणसे, त्यांतली तेरा सही केलेली. हे बोलले की परत घेता येणार नव्हते. कार्यालयात जुन्या चौकशीचा कागद अजून होता, आणि त्यात खोटे लिहिले होते.

"एकुणसत्तर साली चाळीस शाफ्ट भंगारात गेले," तो म्हणाला. "जुन्या लोकांना याद असंल. कागदावर दोष उस्तादाचा हाये. तो दोष माझा होता. अर्ध्याची रेघ मी पूर्ण वाचली. माझी नोकरी वाचावी म्हणून त्यानं सेटिंग माझं होतं म्हणून सांगितलं, आन त्याची बढती चार वर्षं गेली. नऊ वर्षं मी गप बसलो. आता नाय बसत."

पलीकडच्या टोकाला तेलाच्या डब्याचा टप टप आवाज थांबला.

"हे साहेबांपुढं बोलशील?" तात्यासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "खोटी चौकशी म्हणून काढून टाकतील तुला."

"दहाला येतेत ना? तुम्ही नारळ धरा, मी बोलतो."

आणि त्याने नऊ नंबरच्या डोक्यावर, हिरव्या रंगावर, मोठ्या अक्षरात लिहिले: उस्ताद कडुबा मिस्त्री. अक्षर सुरेख नव्हते. 'स्त्री'ला खडू मोडला, तेव्हा त्याने तुकड्याने पुरे केले.

तेवढ्यात कडुबा येऊन उभा राहिला. हातात तेलकट चिंधी, भिवया जवळ आलेल्या. त्याने नाव वाचले, मग सोनाजीकडे पाहिले.

"पूस ते."

"नाय पुसत."

"तुला कुणी सांगितलं तोंड उघडायला? नऊ वर्षांनी मरायची हौस आली का?"

"उस्ताद, मला..."

"आभार मानणार असशील तर गप बस. तू गरीब मेंढक्याचा पोरगा म्हणून दया आली, असं वाटलं का तुला? अरे, दोन वर्षं तुझ्यामागं माझी जेवणाची सुट्टी घालवली होती. तुला काढला असता तर ती सगळी पाण्यात. नवा हेल्पर पुन्हा शिकवायचा म्हणजे डोक्याला ताप. म्हणून बोललो मी. त्यात काय थोरपण नाय."

मागून कोणीतरी पुन्हा हसले, आणि या वेळी हसणे थोडे लांबवर गेले.

"बरं," सोनाजी म्हणाला. "मग थोरपण नाय म्हणून लिहू का खाली?"

कडुबाच्या ओठांचा एक कोपरा हलला असावा. खात्रीने सांगता येणार नाही. तो तात्यासाहेबांकडे वळला. "तात्यासाहेब, मला भांडारात पाठवायचं असंल तर माझं काम वाईट म्हणून पाठवा. एक जॉब दाखवा चुकलेला, आत्ता जातो. माझं काम सोडून दुसरं काय बघायचं असंल, तर ते सरळ कागदावर लिहा आन खाली तुमची सही करा. तेराजणांच्या मागं लपू नका."

तात्यासाहेबांनी अर्ज उघडला, मिटला. "आम्ही सगळ्यांच्या भल्यासाठी..." एवढे म्हणून ते थांबले, कारण बोलताना त्यांच्याकडे कोणी बघतच नव्हते. सगळे पाच नंबरच्या लेथकडे बघत होते. तेथे सखाराम नावाचा थोराड कारागीर, जो सही करणाऱ्यांत पहिल्या तिघांत होता, कानामागचा खडू काढून यंत्राच्या डोक्यावर काहीतरी लिहीत होता. लिहून झाल्यावर तो चालत आला, तात्यासाहेबांकडून पेन आणि कागद मागून घेतला, स्वतःची सही शोधली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली.

"मला बी त्यानंच शिकवलं," एवढेच तो म्हणाला, आणि जरासा चिडूनच म्हणाला, जणू कोणी त्याला बळेच बोलायला लावले होते.

बन्सीने पेनकडे पाहिले, मग सोनाजीकडे, आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा राहिला.

साडेआठला कडुबाने सगळ्यांना कामाला लावले. पूजा दहाला होती. तोवर यंत्रांखालचा कीस तसाच पडलेला त्याला चालला नसता. सोनाजी नऊ नंबरच्या खाली झाडू घेऊन वाकला. दहाला काय होईल ते ठाऊक नव्हते. नोकरी राहील की जाईल, याचा भरवसा नव्हता. तरी त्याने वाकल्या वाकल्या, मनाशी, मुंजाबांच्या रीतीने नावे घेतली. म्हाळसा आली. पोरगी आली. खोली आली, खिडकीशिवाय का होईना. हात आला. उस्ताद आला. कोणापुढे वाकून घेतलेले त्यांत एकही नव्हते, आणि हे ध्यानात आल्यावर तो ताठ उभा राहिला.

साहेब दहाला आले. तात्यासाहेबांनी अर्ज पुढे केला. साहेबांनी घड्याळ पाहिले, कागद पाहिला, खोडलेल्या सहीवर बोट ठेवले, आणि सोनाजीने तोंड उघडून एकोणसत्तरची हकीकत सांगितली ती उभ्या उभ्या ऐकून घेतली. मग ते म्हणाले की, नऊ वर्षांपूर्वीचे भंगार आता वितळूनही गेले असेल, त्याची चौकशी आपण करणार नाही. अर्जाचे तेवढे सांगा, किती आहेत.

हव्या होत्या पंधरा. होत्या बारा.